निलगिरीच्या बाटलीत लिंबाचा वास

दि. 12 जानेवारी 2025
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(ग्राहक सेवा विभाग)

विषय : निलगिरी तेलाऐवजी दुसऱ्याच झाडाचं तेल पाठवल्याबाबत

महोदय,

डिसेंबरच्या अखेरीस तुमच्या ॲपवरून मी 100 मिलीच्या 12 बाटल्या निलगिरी तेल मागवलं. दर 290 रुपये, एकूण 3,480. एवढं तेल मला एकट्याला कशाला लागतं? बारा बाटल्यांना डिलिव्हरी फुकट होती म्हणून गल्लीतल्या आठ घरांनी मिळून मागवलं आणि ऑर्डर माझ्या नावावर टाकली. मी हायस्कूलचा निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यामुळे 'गुरुजींनी पाहून घेतलं असंल' या भरवशावर लोकांनी पैसे दिले. आता रोज कोणी ना कोणी दारात उभं राहून विचारतं.

पार्सल आलं त्या रात्री आईला सर्दी होती. पातेल्यात पाणी उकळलं, तीन थेंब टाकले, आईच्या डोक्यावरून गोधडी घेतली. मिनिटभरात तिनं गोधडी फेकली. म्हणाली, "बापू, हे त लिंबाच्या गोळ्यायचं पाणी हाय." नाक मोकळं झालं नाहीच, उलट घसा खवखवून रात्रभर खोकत होती. मी बाटली नाकाशी धरली. म्हातारीचं खरं होतं. निलगिरीचा तो गार, कापरासारखा झोंबणारा वास कुठेच नव्हता. पोरं चघळतात त्या पिवळ्या गोळ्यांचा वास.

दुसऱ्या दिवशी तुमच्या हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्र होती, तिच्याविषयी तक्रार नाही. तिनं सांगितलं, "सर, नॅचरल प्रॉडक्ट आहे, बॅचप्रमाणे वासात फरक पडतो." हे उत्तर तिला कोणी लिहून दिलं असेल, त्याच्यासाठी हे पत्र आहे.

फरक पडतो, मान्य. पान कोवळं की जून, तोड कोणत्या महिन्यातली, ऊर्ध्वपातन किती वेळ चाललं, यावर तेलातल्या घटकांचं प्रमाण खालीवर होतं. पण आमच्याकडच्या संत्र्याच्या झाडाला एका बहाराला आंबट फळ येईल, दुसऱ्याला गोड येईल, लिंबू लागणार नाही. सर्दीसाठी जे निलगिरी तेल वापरतात, त्याचा मुख्य घटक सिनिओल. तुमच्या जाहिरातीतच 'सिनिओल 70 टक्क्यांहून जास्त' असं लिहिलं आहे. नाक मोकळं वाटतं, कफ सुटतो, तो त्याच्यामुळे. लिंबाच्या वासाची निलगिरी म्हणजे सिट्रिओडोरा हे वेगळं झाड. त्याच्या तेलात मुख्य भाग सिट्रोनेलालचा, सिनिओल अगदी नावाला. 1995 साली तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला युकॅलिप्टस प्रजातीतून काढून कोरिम्बिया या वेगळ्या प्रजातीत टाकलं. आमच्या कॅनॉलच्या काठाला सामाजिक वनीकरणातली उभी आहे ती आणखी तिसरीच जात. लोक तिन्हींना निलगिरी म्हणतात. लोकांनी म्हणावं, पण तेल विकणाऱ्यानं म्हणून कसं चालेल?

भेसळ केली असा माझा आरोप नाही. कागदावर थेंब टाकून पाहिला. सकाळपर्यंत उडून गेला, तेलकट डाग राहिला नाही, म्हणजे गोडं तेल मिसळलेलं नाही. मग सुई नसलेल्या सिरिंजनं 10 मिली मोजून आर्वीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं. भरलं 8.7 ग्रॅम. सिनिओलवालं औषधी निलगिरी तेल 10 मिलीला 9.06 ते 9.27 ग्रॅमच्या दरम्यान बसायला हवं. मुलानं मागच्या वर्षी उटीहून आणलेल्या बाटलीतलं तेल त्याच काट्यावर 9.15 भरलं. सोनार म्हणाला, गुरुजी, एवढी काटेकोर मोजणी तर लोक मंगळसूत्राचीही करत नाहीत. अल्कोहोलमध्ये विरघळवून पाहायची चाचणीही असते, पण आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. गुरुजी अल्कोहोल शोधत फिरताहेत ही बातमी मला गावात नको होती.

तेव्हा तुमचं तेल शुद्ध असेलही. पण कशाचं शुद्ध? बाटलीवर ना झाडाचं शास्त्रीय नाव, ना मुख्य घटकाचं प्रमाण. पानाचं चित्र आणि 'सर्दी, कफ, सांधेदुखी' एवढंच.

आणखी एक गोष्ट, आणि ती वासापेक्षा गंभीर आहे. 'पोटात घेऊ नये' ही सूचना तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आहे आणि झाकण साधं फिरकीचं. निलगिरी तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला ग्लानी येते, झटके येऊ शकतात. माझा नातू तीन वर्षांचा आहे आणि या बाटलीला गोळ्यांचा वास येतो. ती आता कपाटाच्या वर ठेवली आहे.

मला 11 बाटल्यांचे 3,190 रुपये परत हवेत. बारावी शेजाऱ्याकडे आहे. तो तेल अंगाला चोळून शेतात जागलीला जातो आणि तासभर तरी डास जवळ येत नाहीत म्हणून खूश आहे. त्यात नवल नाही, सिट्रोनेलालचा तो गुणच आहे. तो बाटली द्यायला तयार नाही. परतीच्या अकरांपैकी चार फोडलेल्या आहेत. फोडल्याशिवाय वास कळत नाही, म्हणून 'सील तुटलेलं चालणार नाही' हे उत्तर कृपया देऊ नये. याशिवाय या बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलात कोणता घटक किती आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) अहवाल पाठवावा आणि पुढच्या लेबलवर झाडाचं नाव आणि मराठीत धोक्याची सूचना छापणार का, ते लेखी कळवावं.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 या नंबरवर नोंद करीन आणि वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे फी लागत नाही आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

कुरिअरवाला आमच्या गावात फक्त गुरुवारी येतो. बाटल्या घ्यायला पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा. आठ घरांतून गोळा कराव्या लागतील.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, काट्यावरच्या आकड्याचा फोटो