फिरायला शंभर सीसी पुरते

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मोटारसायकल प्रवासावरचा लेख वाचला. लांब फिरायचे तर किमान साडेतीनशे सीसीची गाडी हवी, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. मला हे अजिबात मान्य नाही. नुकती नोकरीला लागलेली मुले असले वाचून कर्ज काढतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

मी कराडचा निवृत्त शिक्षक. गाडी स्प्लेंडर, ९७ सीसी. दिवाळी झाली की मी आणि सौ. कोकणात उतरतो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. पुढे धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, दाभोळला उतरायचे आणि आंजर्ले, केळशी करत जायचे. चाळीस-पन्नासच्या वेगात मागे बसलेल्या माणसाशी गप्पा मारता येतात. वाटेत कुणी सुपारी वाळत घातलेली दिसली, एखाद्या देवळाचे कौलारू छप्पर आवडले, की सौ. खांद्यावर थाप मारते आणि गाडी थांबते. परतताना कुंभार्ली दुसऱ्या गिअरवर सावकाश चढतो, पण चढतो.

कोकणातल्या वाड्यांमधून जाणारे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि समोरून एसटी. तिथे ११० किलोची गाडी मागून उचलून फिरवता येते. दोनशे किलोची गाडी माझ्या वयाच्या माणसाने कशी फिरवायची? दुरुस्तीचेही तसेच. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल आली, तेव्हापासून या जातीचे इंजिन खेड्यापाड्यातल्या मिस्त्रींच्या हाताखालून गेले आहे. क्लच वायर, प्लग, ट्यूब कुठल्याही बाजाराच्या गावी मिळते. टाकी भरून निघालो की केळशीला जाऊन घरी येईपर्यंत पेट्रोलची चिंता नाही. पंप लांब लांब असलेल्या त्या किनाऱ्यावर याची किंमत कळते.

हायवेवर मात्र लहान गाडीचे काम नाही, हे मी स्वतः सांगतो. ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने गाडी हलते. म्हणून पुणे-बंगळूर रस्ता आम्ही टाळतो, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठतो आणि हेल्मेट दोघांनाही असते.

ज्यांना मोठी गाडी परवडते आणि आवडते त्यांनी ती जरूर घ्यावी. पण दारात वडिलांची जुनी शंभर सीसी उभी असताना कुणी प्रवास पुढे ढकलू नये, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. आणि पुरवणीला एक विनंती. गाड्यांच्या किमतींच्या जोडीला दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ या फेरीबोटींच्या वेळाही छापाव्यात. धोपाव्याची शेवटची बोट चुकली, तर चिपळूण-खेडमार्गे दापोलीपर्यंतचा सगळा वळसा रात्री घालावा लागतो.

– एक वाचक, कराड