किनाऱ्यावरच्या पबला समुद्राची जबाबदारी नाकारता येणार नाही

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

समुद्रकिनाऱ्यावरच्या पब-रेस्टॉरंटांचा विषय निघाला की वाद गोंगाट, अतिक्रमण आणि दारू यांपाशीच फिरत राहतो. हे प्रश्न खरेच आहेत. पण तिथून चार पावलांवर माणसे बुडतात आणि त्याचा पबशी काही संबंध आहे असे कोणी मानत नाही. म्हणून हे पत्र.

मला स्वतःला या साध्या, मोकळ्याढाकळ्या जागा मनापासून आवडतात. वाळूने भरलेल्या चपला आणि ओले केस घेऊन आत गेले तरी कोणी हटकत नाही. लेकुरवाळी कुटुंबे, मित्रांची टोळकी, एकटाच पुस्तक घेऊन बसलेला माणूस, सगळे तिथे सामावतात. बंदी घाला असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र शहरातल्या पबमधून बाहेर पडणारा माणूस रस्त्यावर येतो आणि इथला पायऱ्या उतरला की थेट पाण्यात जातो, हा फरक मालकांनी आणि परवाना देणाऱ्यांनी लक्षात घ्यायलाच हवा. दोन बिअर झाल्या की ‘चल, एक डुबकी मारून येऊ’ असे टेबलावर कोणी तरी म्हणतेच, आणि बहुतेकदा ते संध्याकाळी, जीवरक्षक घरी गेल्यावर.

दारूमुळे अंगात ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते. तोल सुटतो, अंतराचा अंदाज चुकतो आणि मुख्य म्हणजे भीती वाटेनाशी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्या सगळ्यांमागे दारू नव्हती. पण जिथे ती विकली जाते तिथे तरी तिचा विचार व्हायला नको का?

समुद्रात बुडण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे रिप करंट, म्हणजे किनाऱ्यावर आलेले पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत जाते तो प्रवाह. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो, तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. फसवणूक अशी की दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला रिपचा पट्टा शांत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. वाळूवर उभे राहून तो पट्टा सहज कळत नाही, पण थोड्या उंचीवरून बघा: गडद रंगाची पट्टी, फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत पडलेले खिंडार, फेस आणि गढूळ वाळू आत ओढली जाताना. पबचा डेक ही नेमकी तेवढ्या उंचीवरची जागा असते. दुपारपासून रात्रीपर्यंत समुद्राकडे तोंड करून वावरणारी माणसे तिथल्या वेटरांशिवाय दुसरी कोण असतात?

त्यांना काय बघायचे हे मात्र शिकवावे लागेल. बुडणारा माणूस हात हलवत ओरडतो ही आपली समजूत चुकीची आहे. श्वास घेण्याचीच धडपड चालू असताना ओरडणे जमत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोके मागे झुकलेले, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असलेले, शरीर उभेच्या उभे. लांबून बघणाऱ्याला वाटते, मजेत तरंगतोय. हे सगळे एका मिनिटाच्या आतही संपू शकते.

‘आम्ही हॉटेल चालवतो, जीवरक्षक नाही,’ असे मालक म्हणतील. त्यांच्या माणसांनी पाण्यात उडी घ्यावी असे माझेही म्हणणे नाही, उलट घेऊच नये. वाचवायला गेलेला नातेवाईक किंवा अनोळखी माणूसच प्राण गमावतो, असे वारंवार घडते. तरंगणारी वस्तू फेकायची, बचाव पथकाला फोन करायचा आणि एकाने त्या माणसाकडे बोट दाखवत नजर न हलवता उभे राहायचे, कारण लाटांमध्ये डोके एकदा नजरेआड झाले की पुन्हा सापडत नाही. एवढे कोणालाही शिकता येते. 1824 मध्ये स्थापन झालेली ब्रिटनची ‘आरएनएलआय’ ही जीवरक्षक नौकांची संस्था पाण्याकाठच्या पब-हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना दोरीची पिशवी, म्हणजे आत लांब दोरी भरलेली पिशवी, बुडणाऱ्याकडे फेकण्याचे प्रशिक्षण देते. प्रवाहात सापडल्यास न झगडता आधी पाठीवर तरंगा, हा तिचाच संदेश आहे. तो प्रत्येक टेबलावर छापलेला असावा.

अशा अनेक पबच्या भिंतींवर नांगर, जाळी, वल्ही यांच्यासोबत एक लाइफ रिंगही, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला फेकायचे तरंगणारे कडे, शोभेला टांगलेली असते. रंगवलेली, वर पबचे नाव, मागून स्क्रूने पक्की केलेली. खरी, दोरीसकट आणि झटकन हाती येईल अशी रिंग दाराशी असायला खर्च फार येत नाही. मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्यायलाही फार खर्च येत नाही. पोहायचे तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच आणि लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल टाकायचे नाही, हे ग्लास ठेवताना सांगणारा वेटर मला उद्धट वाटणार नाही, आपुलकीचा वाटेल.

पबच्या परवान्यासाठी अग्निशमनाची साधने तपासतात, त्याच तपासणीत ही लाइफ रिंग, दोरी आणि प्रत्येक पाळीत प्रथमोपचार व कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकलेला किमान एक कर्मचारी यांचाही समावेश व्हावा. हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या कर्मचाऱ्यांकडून दोरी फेकण्याचा सराव करून घ्यावा. मालकांच्या संघटनांनी सरकारी आदेशाची वाट न बघता येत्या हंगामापासूनच ही सुरुवात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक