सूत्रातील ‘व’ आणि वाक्यातील ‘व’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते, हा ठोकताळा आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती, एवढा हिशेब मुलेही तोंडी करतात. (होडी लोटायची असेल तर अर्थातच अधिकृत भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे.) पर्यटकांसाठी राहण्याची सोय करणाऱ्या एका व्यावसायिकाच्या संकेतस्थळावर ही रीत ‘व = त × ३/४’ अशा सूत्राने दिलेली नुकतीच पाहण्यात आली. सूत्राखाली वाक्य होते : ‘त व व यांचा संबंध स्थूलमानाने घ्यावा.’ सुट्टीत आलेल्या माझ्या नातीने ते दोनदा वाचून ‘आजोबा, इथे एक व जास्त छापलाय का?’ असे विचारले. शेजारी उतरलेल्या एका परप्रांतीय पाहुण्याने तेच पान मोबाइलवर आपोआप भाषांतरित करून घेतले होते, त्यात तर दोन्ही ‘व’ उभयान्वयी अव्ययेच झाली होती.

लिहिणाऱ्याचे गणित बरोबर होते. चुकले ते एवढेच, की वेळेसाठी योजलेला ‘व’ आणि ‘आणि’ या अर्थाचा ‘व’ यांत फरक दाखवणारी कोणतीही खूण त्याने पानात ठेवली नव्हती.

अशी खूण उपलब्ध आहे आणि ती नवीनही नाही. संकेतपृष्ठे ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, तिच्या नोव्हेंबर १९९५ मधील दुसऱ्या आवृत्तीच्या दस्तऐवजातच चलासाठी, म्हणजे बदलत्या राशीऐवजी लिहिलेल्या अक्षरासाठी, स्वतंत्र टॅग (मजकुराभोवती घालायची खूण) नोंदलेला आहे. ‘व्हेरिएबल’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरे (var) घेऊन तो बनवला असल्याने त्याला ‘व्हार’ म्हणतात. कोनी कंसातील या टॅगांच्या जोडीमध्ये अक्षर ठेवले, की ते अक्षर चल आहे हे पानातच नोंदले जाते. गणितातील चल, भौतिक राशीचे चिन्ह, संगणक-आज्ञावलीतील चल किंवा ‘येथे आपले नाव लिहा’ अशा ठिकाणची रिकामी जागा, या सर्वांसाठी तो चालतो. वरील सूत्रात ‘व’ आणि ‘त’ या दोनच अक्षरांना तो लागेल. बरोबरीचे चिन्ह, गुणाकाराचे चिन्ह आणि पाऊण हा अपूर्णांक त्याच्या बाहेर राहतील. ज्या वाक्यावर नात अडखळली, त्यातही पहिल्या ‘त’ला आणि दुसऱ्या ‘व’ला टॅग लागेल, मधला ‘व’ मोकळा राहील.

पुष्कळ जण मात्र अक्षर तिरपे करणारा टॅग लावून मोकळे होतात, कारण ‘व्हार’मधील मजकूरही ब्राउझर मुळात तिरपाच दाखवतो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. रोमन लिपीच्या छपाईत चल तिरप्या व एकके सरळ ठशात छापण्याचा रिवाज असल्याने तेथे हे शोभतेही. देवनागरीत तिरप्या ठशाची परंपरा नाही आणि बहुतेक फाँटांत तो नसतोच. मग ब्राउझर सरळ अक्षर यांत्रिकपणे कलंडवतो, आणि वेलांट्या-मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन पडतात. म्हणून मराठी पानांसाठी माझी सूचना अशी, की टॅग ‘व्हार’च वापरावा, परंतु स्टाइलशीटमध्ये (पानाच्या दिसण्याचे नियम लिहितात त्या ठिकाणी) एकदाच सांगून त्यातील अक्षर सरळ ठेवावे आणि वेगळ्या रंगाने किंवा जाड ठशाने उठवावे. नुसता तिरपेपणाचा टॅग लावला असेल, तर पुढे हा बदल करताना कोणते तिरपे अक्षर चल आहे आणि कोणते पुस्तकाच्या नावातले, हे पानोपानी शोधत बसावे लागते. भाषांतराचा प्रश्न एकट्या ‘व्हार’ने सुटेलच असे नाही. त्यासाठी टॅगमध्येच ‘ट्रान्सलेट’ हा गुणधर्म ‘नो’ असा लिहावा.

इंग्रजीत एकाक्षरी शब्द दोन-तीनच आहेत. मराठीत ‘व’ आहे, ‘न’ आहे, जोर देणारा ‘च’ आहे, आणि ‘चल’ या संज्ञेचाच व्यवहारातला अर्थ ‘निघ’ असा होतो! आमच्या जुन्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणत. ते अक्षर वाक्यात एकटे कधी येत नाही, त्यामुळे खुणेवाचूनही निभावत असे. सरळव्याजासाठी ‘म’, ‘द’, ‘क’ किंवा येथल्यासारखे ‘व’, ‘त’ घेतले, की ती सोय संपते.

आपल्या दैनिकाच्या शालेय पुरवणीची ई-आवृत्ती आमच्या भागातील विद्यार्थी नियमित वाचतात. तिच्यातील गणिताच्या स्तंभात एकच ‘न’ कधी जाड, कधी साधा, तर कधी अवतरणचिन्हांत आढळतो. आपल्या तांत्रिक विभागाने त्या स्तंभापासून ‘व्हार’चा वापर सुरू करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग