दिल्लीची हाफ, मुंबईची फुल

प्रिय सायू,

तू पाठवलेला मुंबई मॅरेथॉनच्या सरावाचा तक्ता पाहिला. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी 28 किलोमीटरचा लाँग रन आहे आणि तू नेमकी ऑफिसच्या कामासाठी दिल्लीत. तिथली हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) पळायचं ठरवलंस ते बरंच केलंस. अनोळखी शहरात एकटीने लाँग रन करण्यापेक्षा बंद केलेला रस्ता आणि जागोजागी पाणी केव्हाही चांगलं. पण शर्यतीआधी अंधारात सात किलोमीटर पळून 28 पुरे करायचा तुझा बेत मला मुळीच पटलेला नाही. घामेजून स्टेडियमपाशी पोचणार, मग तपासणीची रांग, मग कोरलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या रेषेमागच्या कुंपणात, ताटकळणं. अंग गार पडतं, पोटऱ्या आखडतात. मुंबईला अजून तीन महिने आहेत. 28 त्यातल्या कुठल्याही रविवारी बसेल.

आता वेगाचं. तुला दोन तास पाच मिनिटं (2:05) लावायची आहेत आणि दिल्लीच्या सपाट रस्त्यावर ती लागतीलही. पण मग पुढचा आठवडा पाय धरून बसशील. पहिल्या फुलसाठी, म्हणजे 42 किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी, आम्ही ढोबळ हिशोब करतो तो असा: हाफची वेळ दुप्पट करायची आणि वर वीसेक मिनिटं. म्हणजे तुझी फुल साधारण साडेचार तासांची, पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) 6:24. दिल्लीत पहिले 16 किलोमीटर याच पेसने पळ. लोक भराभर पुढे जातील, जाऊ देत. कितीही सोपं वाटलं तरी घड्याळ 6:24 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, खरी परीक्षा तीच आहे. शेवटचे पाच तुझे, हवे तसे पळ. आणि जी वेळ येईल ती मुंबईत जशीच्या तशी धरू नकोस. मुंबईत जानेवारीतही दमट असतं. आमच्या वेळी तर पेडर रोडचा चढ 35 किलोमीटर ओलांडल्यावर यायचा.

2020 च्या दिल्ली हाफमध्ये आपल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे 60 मिनिटं 30 सेकंदांत आला, राष्ट्रीय विक्रम. पण त्याची खरी शर्यत 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने तिथे 8:18.12 चा राष्ट्रीय विक्रम केला. तुझीही खरी शर्यत दिल्लीची नाही, एवढंच म्हणते. (त्याच्या वेगाचा विचार करू नकोस, तो किलोमीटरला तीन मिनिटंही घेत नाही.)

हवेकडे मात्र लक्ष ठेव. ही शर्यत पूर्वी नोव्हेंबरात असायची. 2017 साली प्रदूषणामुळे ती पुढे ढकला म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशन कोर्टात गेली होती. आता ऑक्टोबरात असते म्हणून बरं, तरी आदल्या रात्री हवेचा आकडा बघ. फारच वाईट असेल तर पळू नकोस. फी गेली तर गेली, तुझा लहानपणीचा दमा मी विसरलेले नाही.

बिब (छातीवर लावायचा नंबर) शर्यतीच्या सकाळी देत नाहीत, तेव्हा शनिवारी वेळेत जाऊन घे. ओळखपत्र विसरू नकोस. बूट, मोजे, एनर्जी जेल सगळं केबिन बॅगेत. नवे बूट नकोत. शनिवारी रात्री मामी छोले-भटुरे करायच्या बेतात आहे. तुला नाही म्हणायला जड जाईल, म्हणून मीच फोन करून वरण-भात सांगितला आहे. भटुरे रविवारी दुपारी.

मंगळवारपर्यंत पळायचं नाही, बुधवारी हलके पाच. सोमवारच्या मीटिंगला उंच टाचांचे बूट घालू नकोस. आणि मामीसाठी चिवड्याचा डबा देते आहे, तो बुटांच्या पिशवीत कोंबू नकोस.

तुझी,
आई