घरच्या मैदानावर हरलेली पोरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी एकोणीस वर्षांखालच्या फुटबॉल संघाच्या पोरांना चांगलंच फैलावर घेतलेलं वाचलं. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर हरलात, लाज कशी वाटत नाही, पुढच्या वर्षी या संघावर एक रुपया खर्च करू नये, असा एकूण सूर. तो सामना मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण घरच्या मैदानावर हरणं या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे.

मी मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि त्याच हाताच्या जोरावर कॅनडात आलो. ऑन्टारियो प्रांतात किचनर नावाचं गाव आहे, तिथे सीएनसी मशीनवर काम करतो. गावाचं नाव 1916 पर्यंत बर्लिन होतं. पहिल्या महायुद्धात ते अडचणीचं झालं म्हणून बदललं. या गावात एक वेड आहे, किचनर रेंजर्स. आइस हॉकीचा ज्युनिअर संघ, सोळा ते वीस वर्षांची पोरं. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला फुटबॉलशिवाय राहवत नाही, आणि इथला हिवाळा फुटबॉलचा नाही. तेव्हा या बर्फावरच्या खेळाचा नाद लागला तो लागलाच.

आता हरण्याचं सांगतो. 25 मे 2008, रविवार. मेमोरियल कपची फायनल, आणि ती आमच्याच घरी, किचनरच्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये. या इमारतीला सगळे ‘ऑड’ म्हणतात. 1951 साली, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ ती बांधली. कपसुद्धा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मृतीचा, 1919 पासूनचा. कॅनडात आणि काही अमेरिकन शहरांत मिळून ज्युनिअरच्या तीन मोठ्या लीग आहेत, साठाच्या वर संघ. तीन लीगचे तीन विजेते आणि चौथा यजमान, अशा चौघांत मेमोरियल कप खेळला जातो. म्हणजे यजमानाला आयतं आमंत्रण असतं. आमच्या पोरांनी मात्र ते आमंत्रण खिशातच ठेवलं. बेलव्हिल बुल्सला हरवून ऑन्टारियोची लीगच जिंकली, त्यामुळे चौथी जागा बेलव्हिलला गेली. ‘यजमान म्हणून फुकटात आले’ असं त्या वर्षी आम्हाला कुणी म्हणू शकत नव्हतं.

आणि संघ काय होता! जस्टिन अझेवेडोनं त्या हंगामात गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून 124 गुण केले होते, तिन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. मॅट हॅलिशुकनं त्याच जानेवारीत जागतिक ज्युनिअर स्पर्धेच्या फायनलमध्ये स्वीडनविरुद्ध जादा वेळेत गोल मारून कॅनडाला सुवर्णपदक दिलं होतं. डेन्मार्कचा मिकेल बोडकर होता, सतरा वर्षांचा नझीम काद्री होता. बाकावर पीटर डीबोअरसारखा प्रशिक्षक. उपांत्य सामन्यात याच पोरांनी बेलव्हिलचा 9-0 असा चक्काचूर केला होता. एकच काळजी होती. पहिला गोली, म्हणजे गोलरक्षक, स्टीव्ह मेसन गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर बसलेला आणि जाळ्यात त्याच्या जागी जॉश उनीस. पण एवढे गोल मारणाऱ्या संघाला गोलीची काळजी कशाला, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. समोर स्पोकेन चीफ्स, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला संघ.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. बर्फावर दोन्हीकडून सहा-सहा जण. पोरगा जीव खाऊन पाऊण-एक मिनिट पळतो, कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो, दुसरा उडी मारून आत जातो. काळ्या रबरी चकतीचा, म्हणजे पकचा, फळ्यांवर आपटल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. मे महिन्यातसुद्धा आत जाकीट लागतं.

त्या दिवशी आमच्या पोरांनी 54 फटके मारले. चोपन्न! एका सामन्यात तीस-पस्तीस झाले तरी भरपूर म्हणतात. त्यातले 53 एका पोरानं अडवले. डस्टिन टोकार्स्की, वय अठरा, सस्कॅचेवान प्रांतातला. मी गोलच्या मागच्या कोपऱ्यात, वर होतो, त्यामुळे मधल्या भागात आमचा संघ त्या टोकाला हल्ला करत होता तेव्हा हा गडी मला पाठमोरा दिसत होता. पक आला की तो उड्या मारत नव्हता, हेच आधी लक्षात आलं. गुडघे बर्फावर टेकवायचा, पायांच्या पॅडनी खालची सगळी फट बंद करायचा आणि पक जिथे येणार तिथे आधीच असायचा. दोन गोलखांबांना काठीनं एकेकदा टक् टक् करायचा, मान वर करून पडद्यावरचं घड्याळ बघायचा, परत वाकायचा. अझेवेडोकडे पक गेला की सहा हजारांवर माणसं उठून उभी राहायची आणि खाली बसायची. उठबस नुसती. गोल एकच झाला. त्यांचे चार. 4-1.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. 1984 साली हाच कप याच इमारतीत झाला होता आणि फायनलमध्ये ऑटावाच्या संघानं आम्हाला 7-2 नं धुतलं होतं, तेव्हाही ते इथेच होते. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी कॉफीचा रिकामा कप चेपला आणि म्हणाले, “सुधारणा आहे. त्या वेळी सात होते.” मग उठून टोकार्स्कीसाठी टाळ्या वाजवायला लागले. आमची रांगही उठली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम गोली, दोन्ही बक्षिसं त्यालाच मिळाली.

त्यानंतरचा प्रसंग तर बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. स्पोकेनच्या कर्णधारानं कप उचलून पुढच्या गड्याच्या हातात दिला आणि कपाचे दोन तुकडे झाले. वरचं भांडं एकाकडे, खालची बैठक दुसऱ्याकडे. सगळं ऑड हसलं. (ती प्रतिकृती होती, मूळ कप टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये असतो.) हरलेल्या गावाला हसायला एवढं तरी मिळालं.

आता त्या गृहस्थांच्या मुद्द्याकडे येतो. ‘घरी हरले म्हणजे कमी पडले.’ कुठे कमी पडले? चोपन्न फटके मारलेल्या पोरांना मी कुठल्या तोंडानं विचारू? समोर एक पोरगा त्या दिवशी त्यांच्याहून भारी खेळला, एवढाच त्या निकालाचा अर्थ. तोही कुणाच्या तरी घरचाच पोरगा, आणि त्याचं घर तर शेकडो मैल लांब होतं.

या पोरांचं जगणं काय असतं तेही सांगितलं पाहिजे. बहुतेक जण सोळाव्या वर्षी घर सोडून येतात आणि गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतात. याला बिलेट म्हणतात. सचिन तेंडुलकर शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला होता, तसंच म्हणा. फक्त इथे काका-काकू परके असतात. आमच्या गल्लीतच एका घरी एका हंगामात असा एक पोरगा होता. त्याची ती भली मोठी हॉकीची बॅग गॅरेजात उघडी टाकलेली असायची, कारण घामाच्या वासानं ती घरात घ्यायची सोय नव्हती. घरमालकीण बाई दुधाचे कॅन मोजून थकल्या होत्या. संघ रात्री बसनं परत यायचा आणि सकाळी हा पोरगा पाठीवर दप्तर टाकून शाळेत. पगार म्हणाल तर नाहीच, खर्चापुरते पैसे. खेळलेल्या हंगामांच्या हिशेबानं पुढे शिक्षणाची फी मिळते, ती खरी कमाई. शिवाय हंगामाच्या मध्येच ‘तुला अमुक संघाला दिलंय’ असा निरोप आला की गाव, शाळा, बिलेट सगळं बदलायचं. तो नझीम काद्री पुढच्याच हंगामात लंडन नाइट्सकडे गेला. हे लंडन ऑन्टारियोतलंच, म्हणजे तासाभराच्या अंतरावरचे आमचे हाडवैरी! आम्ही त्याला ओरडून घेतलं, तो आमच्यावर गोल मारत राहिला. 2022 मध्ये त्यानं कोलोराडोकडून स्टॅन्ले कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वांत मोठा कप, जिंकला तेव्हा इथले सगळे ‘आपला काद्री’ म्हणायला मोकळे.

शिव्या इथेही असतात, उगाच साळसूदपणा नको. समोरचा गडी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसलाय, आपला एक जास्त आहे आणि तरी ती दोन मिनिटं वाया गेली की वरच्या रांगांतून जे ऐकू येतं ते छापण्यासारखं नसतं. 2024 आणि 2025, लागोपाठ दोन वर्षं, प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, याच लंडननं आम्हाला 4-0 नं, सलग चार सामने हरवून, घरी पाठवलं. घरी म्हणजे घरातच. दोन्ही वेळा मालिका ऑडमध्येच संपली. तेव्हाही बाहेर पार्किंगमध्ये लोक तावातावानं बोलत होते. पण बोलणं चाललं होतं ते प्रशिक्षकाच्या डावपेचांवर आणि संचालक मंडळावर. ते रास्त आहे, कारण हा संघ कुणा शेठचा नाही. सीझन तिकीट घेणारे लोक संचालक मंडळ निवडतात, नफा कुणाच्या खिशात जात नाही. आपल्याकडे फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालीम मंडळाचं असतं तसंच जवळपास. तिथे राग काढायला जागा आहे. सतरा वर्षांच्या पोरावर काढायची गरज पडत नाही.

आणि आपल्याकडचं काय सांगू? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ असा सामना लागला की दोन्ही संघ घरचेच, दोन्ही पेठा चालत येणाऱ्या. म्हणजे कोल्हापुरात जो कुणी हरतो तो घरच्या मैदानावरच हरतो. मग दर आठवड्याला कुणा ना कुणाचे पैसे बंद करायचे का? सामना संपल्यावर मैदानात बाटल्या पडलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत, कोणत्या बाजूनं ते सोडून देऊ. इथेही प्रेक्षक बर्फावर वस्तू फेकतात, डिसेंबरात ठरवून, वर्षातून एकदा. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की हजारो टेडी बेअर वरून खाली पडतात, खेळ थांबतो आणि ते गोळा करून गरजू मुलांना वाटतात. त्या सामन्याला आमचे पहिला गोल लवकर व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात, कारण मांडीवर अस्वल घेऊन दोन तास बसणं सोपं नाही.

हरलेल्या संघाचे पैसे बंद करा म्हणणाऱ्या गृहस्थांना माझं उत्तर एवढंच, की 1984 ला घरी सात गोल खाल्लेल्या संघाचे पैसे या गावानं बंद केले असते, तर 2003 साली याच संघानं मेमोरियल कप जिंकला तो जिंकायला कोण उरलं असतं?

आपल्या क्रीडा प्रतिनिधींना मात्र एक विनंती आहे. पोरांच्या सामन्याच्या बातमीत निकाल आणि गोल मारणाऱ्यांची नावं असतात. त्याच्यासोबत हरलेल्या संघानं गोलवर किती फटके मारले आणि समोरच्या गोलीनं किती अडवले, हे दोन आकडेही छापा. एका ओळीत मावतात. सामना बघायला आलेला कुणीही पोरगा कागदावर रेघा मारून ते मोजून देईल.

आपला,
एक वाचक
किचनर, ऑन्टारियो
(मूळ मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर)