कर्जतला बसणारा धक्का

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडी थांबली की मागून हलका धक्का बसतो, तो कशाचा, असं तू विचारलंस. तो बँकरचा. गाडीच्या शेपटाला दोन किंवा तीन इंजिनं जोडतात आणि लोणावळ्यापर्यंत ती गाडीला मागून रेटतात.

बोरघाटात चढ आहे ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावर हा चढ किरकोळ वाटेल. पण पोलादी रुळावर पोलादी चाक, पकड फार कमी. हिशोब करून बघ. या चढावर प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलोचा जोर लागतो. गाडी १,२०० टनांची धरली तर साडेबत्तीस टन, आणि इंजिनाच्या स्वतःच्या १२३ टनांसाठी आणखी सव्वातीन. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाचा सुरुवातीचा जोर जेमतेम ३३ टन. वळणांचं घर्षण यात धरलेलंच नाही. पावसात रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून चाकापुढे वाळू सोडायची सोय असते.

मग जादा इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण सगळी ओढ पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांगडीवर येईल. मागून रेटलं की ओझं वाटलं जातं. शिवाय मध्येच कपलिंग तुटलं, तर सुटलेले डबे उलटे घसरू नयेत म्हणून मागे इंजिन उभंच असतं. डब्या-डब्यांतून जाणारा ब्रेकच्या हवेचा पाइप तुटल्यावर ब्रेक आपोआप लागतात, पण एवढ्या उतारावर फक्त त्यांच्यावर विसंबणं बरं नव्हे. पुढचा आणि मागचा चालक वॉकीटॉकीवर बोलत असतात, कारण पुढचा थांबला आणि मागचा रेटत राहिला तर वळणावर मधले हलके डबे रुळाबाहेर फेकले जाऊ शकतात.

उतरताना बँकर नसतो, तिथे ब्रेकची परीक्षा असते. वाटेत कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे आंधळे फाटे. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी, एरवी फाट्याकडेच वळवलेला असतो; गाडी आधी थांबली की मगच तो मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक गेलेली गाडी न थांबता फाट्यावर चढते आणि तिथेच तिचा वेग मरतो. मला या घाटातली ही सर्वांत सुंदर योजना वाटते, कारण तिच्यासाठी कुणाला ऐनवेळी धावपळ करावी लागत नाही.

हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, हातात घेतलं. तिचं नाव अधिक लोकांना ठाऊक असायला हवं. विजेवर धावणारी 'खेकडा' इंजिनं १९२८ पासून आली.

या सगळ्याला खर्च आहेच. इंजिनं, चालक, जोडण्या-सोडण्यातली मिनिटं. आणि बँकर रिकामे खाली परततात तेव्हाही मार्ग अडतोच. म्हणून २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत महत्त्वाची. तिच्या निम्म्या चाकजोड्यांना मोटर आहे, त्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते.

पुढच्या खेपेला कर्जतला उतरून फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला जा. वडा चालता चालता खा, कारण थांबा मिनिटांचाच असतो. कपलिंग अडकवणं, मग हवेचे पाइप जोडणं, दोन्ही तिथे अगदी जवळून दिसतं.

तुझा,
अरविंद