बाबा, ही गाढ झोप नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा विषय बदलतात म्हणून लिहूनच पाठवतेय, आई तू त्यांना चष्मा देऊन वाचायला बसव.

शनिवारी लालबागला राहिले तेव्हा रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर बाबांचं घोरणं एकदम बंद झालं. आधी बरं वाटलं, मग बघितलं तर छाती-पोट जोर लावतंय पण श्वास आत जातच नाहीये. मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं, 24 सेकंद! मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज, कूस बदलली, परत घोरणं चालू. अर्ध्या तासात 11 वेळा मोजलं मी, आणि आई तू कानात कापूस घालून शेजारी झोपलेलीस.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात बाबा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो आणि सकाळी तुम्हाला काहीच आठवत नाही. बीपीची गोळी वाढवूनही बीपी उतरत नाही, करी रोडला उतरायचं तर थेट सीएसएमटीला जाग येते, मला तर हे सगळं एकाच माळेतलं वाटतंय. पुढे हार्टचा, लकव्याचा धोका वाढतो, म्हणून जीव थाऱ्यावर नाहीये माझा.

आता तुमचं ते 'घोरण्याचं ऑपरेशन करून मोकळा होतो'. टॉन्सिल काढून, टाळू-पडजिभेकडची जागा मोठी करतात ते खरंय, पण नंतर एक-दोन आठवडे गिळताना घसा जाम दुखतो, आणि घोरण्याचा आवाज कमी झाला तरी श्वास अडकणं राहू शकतं. नुसतं नाकाचं हाड सरळ करून तर अ‍ॅप्निया सहसा जातच नाही. अडथळा जिभेच्या मागे असेल तर टाळू कापून काय उपयोग? म्हणून आधी भूल देऊन झोपवतात आणि दुर्बिणीने घसा नक्की कुठे बंद होतोय ते बघतात. मी ऑपरेशनला नाही म्हणत नाहीये, पण आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी, मग सीपॅप मशीनचा मास्क लावून बघायचा, त्याच्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. सुरुवातीला नको वाटेल, तरी थोडे दिवस द्या ना त्याला.

आणि तोवर झोपताना पेग नाही, उताणं झोपायचं नाही.

गुरुवारी स्लीप स्टडीचं मशीन घेऊन येतेय, घरीच लावायचंय, बोटाला क्लिप, नाकाशी नळी, छातीला पट्टा. आई, त्या रात्री कापूस घालू नकोस, आपण दोघी जाग्या राहू.

तुमची
ताई